जुन्या माउंटन बाइकचे गियर शिफ्टर : झीज, निदान आणि बदल

अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत एक जुनी माउंटन बाइक उभी असते. २६ इंची चाके, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे तीन आणि मागे सात दातेरी चकत्या असे तिचे रूप असते. मोठ्या दुकानातून स्वस्तात घेतलेली किंवा शेजाऱ्याकडून मिळालेली ही सायकल काही वर्षे विनातक्रार चालते. मग एके दिवशी गियर बदलेनासे होतात. खटका दाबला तरी चेन हलत नाही, हलली तर दोन चकत्या ओलांडून जाते किंवा चढावर आपोआप परत घसरते. दुरुस्तीच्या दुकानात विचारणा केली की मजुरीचा आकडा सायकलच्या बाजारभावाच्या आसपास जातो आणि ‘नवीच घ्या’ हा सल्ला ऐकायला मिळतो.

तो सल्ला दुकानदाराच्या हिशेबाने चुकीचा नसतो. तासावर आकारली जाणारी मजुरी महाग आणि सुटा भाग स्वस्त, हे पाश्चात्त्य देशांतील दुरुस्तीचे गणित आहे. गावाकडच्या सायकल दुकानात ते नेमके उलट असते. मात्र काम घरी केले तर मजुरीचा आकडा शून्य होतो. मग प्रश्न उरतो तो योग्य निदानाचा आणि योग्य भाग निवडण्याचा. चुकीचा शिफ्टर आणला तर गियर बसत नाहीत, हे नुकसान पैशाचे आहे. ब्रेकच्या जुळणीत चूक झाली तर मात्र प्रश्न जिवाचा होतो. म्हणून हे काम सोपे असले तरी क्रमाने आणि समजून करण्याचे आहे.

शिफ्टर नेमके काय करतो?

मागच्या चाकावरील चकत्यांवरून चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला डिरेलर म्हणतात. त्यात एक स्प्रिंग असते. ती चेनला सतत सर्वांत लहान चकतीकडे ओढत असते. हँडलवरील शिफ्टर बारीक पोलादी तार ओढून या स्प्रिंगला विरोध करतो. तार ओढली की चेन मोठ्या चकतीवर चढते, सैल सोडली की लहान चकतीवर उतरते. पुढच्या तीन चकत्यांसाठीही हेच तत्त्व लागू आहे. उजव्या हाताचा शिफ्टर मागचे गियर आणि डाव्या हाताचा पुढचे गियर बदलतो. काही मोजक्या मॉडेलांत मागच्या स्प्रिंगची दिशा उलटी असते. तार सैल केल्यावर चेन मोठ्या चकतीकडे गेली, तर डिरेलर त्या प्रकारचा आहे असे समजावे.

आरंभी शिफ्टर केवळ घर्षणावर चालत. दांडी हवी तेवढी फिरवायची, चेन नीट बसल्याचे कानाने ओळखायचे आणि घर्षणाच्या जोरावर दांडी तिथेच थांबायची. १९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने आपल्या ‘ड्युरा-एस’ या शर्यतीच्या श्रेणीत ‘एसआयएस’ नावाची पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक गियरसाठी शिफ्टरमध्येच एक ठरलेला खटका असतो आणि एका खटक्याला तार ठरावीक अंतरच सरकते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत माउंटन बाइकवर आली आणि पुढे स्वस्त सायकलींपर्यंत पोहोचली. १९८७ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या स्रॅम कंपनीने ‘ग्रिप शिफ्ट’ हा मुठीसारखा पिळण्याचा शिफ्टर लोकप्रिय केला.

खटक्यांच्या पद्धतीमुळे गियर बदलणे सोपे झाले, पण सुट्या भागांचे परस्परांशी जुळणे अनिवार्य झाले. घर्षणाच्या दांडीला चकत्या किती आणि त्यांतील अंतर किती याच्याशी देणेघेणे नव्हते. खटक्याच्या शिफ्टरला मात्र ते अचूक जुळावे लागते. भाग निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथेच होतात.

आपल्या सायकलवर कोणता प्रकार आहे?

स्वस्त माउंटन बाइकवर साधारणपणे चार प्रकार आढळतात.

पहिला, पिळण्याचा शिफ्टर. मुठीच्या आतल्या बाजूला फिरणारे कडे असते आणि त्यावर आकडे छापलेले असतात. शिमानोचा ‘रेव्होशिफ्ट’ आणि स्रॅमचा ‘ग्रिप शिफ्ट’ हे याचे परिचित नमुने. यातील खटके बहुधा प्लास्टिकच्या खाचांवर अवलंबून असतात. त्यामुळे त्यांची झीज खरी आणि कायमची असते.

दुसरा, हँडलच्या वर बसणारी अंगठ्याची दांडी. हा सर्वांत साधा, टिकाऊ आणि स्वस्त प्रकार. याच्या काही आवृत्त्यांत खटके आणि घर्षण या दोन्ही पद्धती उपलब्ध असतात.

तिसरा, हँडलच्या खाली बसणारा दुहेरी खटक्याचा शिफ्टर. एक खटका तार ओढतो, दुसरा सोडतो. शिमानोचा ‘रॅपिडफायर’ हा त्याचा मूळ नमुना, तो १९९० च्या सुमारास बाजारात आला. त्याच्या पोटात रॅचेट, बारीक खिळी आणि स्प्रिंगा असतात.

चौथा, ब्रेकची दांडी आणि शिफ्टर एकाच तुकड्यात असलेला जोड संच. शिमानोचा ‘ईझी-फायर प्लस’ हा याचा सर्वत्र दिसणारा नमुना. स्वस्त सायकलींवर तो फार आढळतो आणि बदलताना सर्वाधिक काळजीही त्याचीच घ्यावी लागते.

झीज की चिकटलेले वंगण?

शिफ्टर बिघडला असे वाटणाऱ्या पुष्कळ सायकलींचा शिफ्टर प्रत्यक्षात बिघडलेला नसतो. खर्च करण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

आधी तार पाहावी. मागच्या डिरेलरजवळ आवरण-नळीचा जो वळसा असतो, तिथे पाणी आणि धूळ साचते आणि तार गंजते. ब्रिटनसारख्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेल्या मिठामुळे हा गंज लवकर धरतो. आखाती देशांत बारीक वाळू नळीत शिरते आणि उन्हाने मुठीचे रबर चिकट होते. तार जड सरकत असेल, तर मोठ्या चकतीवर जाणे जमते, पण लहान चकतीवर परतताना चेन रेंगाळते. हे लक्षण तारेचे आहे, शिफ्टरचे नाही.

नंतर शिफ्टर एकटा तपासावा. चेन सर्वांत लहान चकतीवर आणून डिरेलरजवळचा तार आवळणारा बोल्ट सैल करावा. सुटलेले टोक पक्कडीने हलके ताणून धरावे आणि दुसऱ्या हाताने एकेक खटका दाबावा. सात गियरच्या शिमानो पद्धतीत प्रत्येक खटक्याला तार सुमारे ३ मिलिमीटर सरकायला हवी. तारेवर पेनाने खुणा केल्या की हे सहज दिसते. प्रत्येक वेळी तार साधारण सारखीच सरकली आणि तिथेच थांबली, तर शिफ्टर निर्दोष आहे. एखाद्या जागी खटका लागलाच नाही किंवा तार सरकून परत घसरली, तर दोष शिफ्टरमध्ये आहे.

हा दोषही दोन प्रकारचा असू शकतो. खालच्या खटक्याच्या शिफ्टरमध्ये कारखान्यातून भरलेले वंगण दहा-पंधरा वर्षांत घट्ट मेणासारखे होते. बारीक खिळी त्यात अडकून बसतात आणि रॅचेटचे दाते पकडत नाहीत. खटका सैल, निर्जीव हलतो, पण काहीच घडत नाही. हा शिफ्टर मेलेला नसतो, केवळ जखडलेला असतो. अंतर्भागात शिरणारे पातळ तेल किंवा वंगण विरघळवणारा फवारा तारेच्या छिद्रातून आत मारावा, काही मिनिटे थांबावे आणि दोन्ही खटके पन्नास-साठ वेळा दाबत राहावे. काळपट घाण बाहेर येऊ लागते आणि अनेकदा खटके पुन्हा पकडू लागतात. घाण निघून गेल्यावर पातळ वंगणाचे काही थेंब सोडावेत. फवारा मारताना चाकाची कड, ब्रेकचे रबर किंवा डिस्क यांवर तेलाचा एक थेंबही उडता कामा नये, म्हणून आधी कापड गुंडाळावे. हा शिफ्टर उघडून सुटा करण्याचा मोह मात्र टाळावा. आतील स्प्रिंगा उडाल्या की त्या पूर्ववत बसवणे कठीण असते.

पिळण्याच्या शिफ्टरमध्ये खाचा झिजल्या असतील किंवा प्लास्टिक तडकले असेल, तर स्वच्छतेचा उपयोग होत नाही. तो बदलावाच लागतो.

शेवटी चेन आणि चकत्या तपासाव्यात. चेनचे बारा पूर्ण जोड म्हणजे चोवीस पिनांचे अंतर नवीन असताना १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ते १.५ मिलिमीटरच्या आसपास वाढले असेल तर चेन बदलण्याची वेळ आली आहे. ३ मिलिमीटरपर्यंत वाढले असेल तर मागच्या चकत्याही झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. अशा स्थितीत नवा शिफ्टर बसवूनही चेन दातांवरून घसरत राहते. सायकल उजव्या बाजूला पडलेली असेल, तर डिरेलर टांगणारा धातूचा कान वाकला आहे का, हेही मागून पाहून घ्यावे. डिरेलरचा पिंजरा चकत्यांच्या पातळीला समांतर दिसायला हवा.

कोणता शिफ्टर घ्यावा?

निवडीचा पहिला निकष म्हणजे मागच्या चकत्यांची संख्या. ‘२१ गियर’ हा आकडा पुढच्या आणि मागच्या चकत्यांचा गुणाकार असतो. ३ गुणिले ६ म्हणजे १८, ३ गुणिले ७ म्हणजे २१, ३ गुणिले ८ म्हणजे २४. जाहिरातीतील आकड्यावर न जाता मागच्या चकत्या प्रत्यक्ष मोजाव्यात. सहा चकत्यांच्या संचात दोन चकत्यांमधील अंतर सुमारे ५.५ मिलिमीटर, सातच्या संचात ५ मिलिमीटर आणि आठच्या संचात ४.८ मिलिमीटर असते. या फरकामुळेच शिफ्टर संख्येनुसार घ्यावा लागतो.

सात आणि आठ यांतील फरक लहान आहे. सात चकत्यांचा शिफ्टर मिळाला नाही तर आठ चकत्यांचा बसवून एक खटका मोकळा सोडण्याची तडजोड अनेक कारागीर करतात. सहा बदलांत एकूण फरक १.२ मिलिमीटर पडतो. मधल्या चकतीवर जुळणी केली की तो दोन्ही बाजूंना विभागला जातो आणि टोकाला ०.६ मिलिमीटर उरतो. सहा आणि आठ यांच्यात मात्र अशी तडजोड चालत नाही.

दुसरा निकष म्हणजे डिरेलरची जात. तार जितकी ओढली जाते त्याच्या किती पट डिरेलर सरकतो, हे प्रमाण कंपनीनुसार बदलते. शिमानोच्या सहा, सात आणि आठ गियरच्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे १.७ आहे. स्रॅमच्या स्वतःच्या पद्धतीत ते जवळपास १ असते, म्हणून तिथे तार अधिक ओढावी लागते. शिमानोच्या डिरेलरवर स्रॅमचा त्या पद्धतीचा शिफ्टर चालत नाही आणि उलटही चालत नाही. स्रॅमचा ‘एमआरएक्स’ हा पिळण्याचा शिफ्टर याला अपवाद आहे. तो शिमानोच्या डिरेलरसाठीच बनवलेला आहे. १९९० च्या आधीच्या काही सायकलींवर सनटूर कंपनीचे भाग असतात. त्यांचे खटके शिमानोशी जुळत नाहीत. अशा सायकलीवर घर्षणाची अंगठ्याची दांडी हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे, कारण ती कोणत्याही डिरेलरशी आणि कितीही चकत्यांशी जुळते.

तिसरा निकष ब्रेकचा आहे. १९९६ मध्ये शिमानोने व्ही ब्रेक आणला. त्याला तार अधिक लांब ओढणारी दांडी लागते. त्याआधीच्या कँटिलिव्हर ब्रेकला कमी तार ओढणारी दांडी लागते. आज बाजारात मिळणारे जोड संच बहुतांशी व्ही ब्रेकसाठी असतात. जुन्या कँटिलिव्हर ब्रेकवर अशी दांडी लावली तर ब्रेक हाताला घट्ट लागतो, पण चाकावर दाब कमी पडतो. उलट, व्ही ब्रेकवर जुनी दांडी लावली तर ती हँडलला टेकते तरी ब्रेक पूर्ण लागत नाही. दोन्ही प्रकार धोक्याचे आहेत. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या सायकलीला तारेच्या ब्रेकचा जोड संच मुळीच चालत नाही. शक्य असेल तिथे ब्रेकची मूळ दांडी तशीच ठेवून स्वतंत्र शिफ्टर बसवणे श्रेयस्कर. जोड संच काढून त्याजागी स्वतंत्र शिफ्टर घ्यायचा असेल, तर आपल्या ब्रेकला साजेशी स्वतंत्र ब्रेक दांडीही घ्यावी लागते, हे हिशेबात धरावे.

याच संदर्भात देशांतरातला एक फरक लक्षात ठेवावा. भारतात आणि ब्रिटनमध्ये उजवी दांडी पुढच्या ब्रेकची असते. अमेरिकेत आणि युरोप खंडातील बहुतेक देशांत डावी दांडी पुढच्या ब्रेकची असते. गियरची बाजू मात्र सर्वत्र सारखीच, उजवीकडे मागचे आणि डावीकडे पुढचे. जोड संच बसवताना ब्रेकच्या तारा जुन्याच क्रमाने जोडाव्यात. पुढचा ब्रेक अनपेक्षितपणे जोरात दाबला गेला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो.

शिमानोची ‘टूर्नी’ आणि ‘अल्टस’ ही श्रेणी या कामासाठी पुरेशी आहे. अल्टसमधील एसएल-एम३१० आणि एसएल-एम३१५ हे खालच्या खटक्याचे शिफ्टर सात आणि आठ अशा दोन्ही आवृत्त्यांत बनवले गेले. टूर्नीतील अंगठ्याच्या दांड्या त्याहून साध्या आहेत. मायक्रोशिफ्ट आणि सनरेस या तैवानी कंपन्यांच्याही अंगठ्याच्या दांड्या मिळतात. अमेरिकेत अशा साध्या शिफ्टरची जोडी साधारण २० ते ४० डॉलरच्या घरात येते. सात गियरची पद्धत जुनी असली तरी अद्याप स्वस्त सायकलींवर वापरात आहे, त्यामुळे तिचे भाग दुर्मीळ नाहीत.

लागणारी साधने

५ मिलिमीटरची ॲलन की जवळजवळ सर्वत्र लागते. पिळण्याच्या शिफ्टरसाठी २.५ किंवा ३ मिलिमीटरची, तर काही जुन्या डिरेलरसाठी ९ मिलिमीटरचा पाना लागतो. याशिवाय चौफुली स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, तार कापण्याची खास कात्री, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुने कापड जवळ ठेवावे. साध्या पक्कडीने आवरण-नळी कापली तर तिचे तोंड चेपते आणि नवी तारही जड चालते. म्हणून कात्रीवर काटकसर करू नये किंवा ती उसनी आणावी.

नवा शिफ्टर बसवताना आतली तार आणि आवरण-नळी दोन्ही नव्या घ्याव्यात. गियरची आतली तार १.१ किंवा १.२ मिलिमीटर जाडीची आणि नळी साधारण ४ मिलिमीटरची असते. ब्रेकची तार त्याहून जाड आणि तिची नळी ५ मिलिमीटरची असते. दोन्ही नळ्यांची अंतर्रचनाही वेगळी असते. गियरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या नळीत त्या गुंडाळलेल्या असतात. गियरची नळी ब्रेकला कधीही लावू नये. ब्रेकच्या जोराने ती फाटू शकते आणि ब्रेक ऐन वेळी निकामी होतो.

बदलाची प्रक्रिया

१. चेन पुढे आणि मागे दोन्हीकडे सर्वांत लहान चकतीवर आणावी. उजव्या शिफ्टरवर सर्वांत मोठा आकडा आणि डाव्यावर १ दिसायला हवा. या स्थितीत तारा सर्वाधिक सैल असतात. सुरुवातीलाच हँडलची दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. तारा कोणत्या बाजूने वळतात, हे नंतर आठवत नाही.

२. डिरेलरजवळ तारेच्या टोकाची टोपी कापावी, बोल्ट सैल करावा आणि तार शिफ्टरकडून बाहेर ओढावी. जोड संच असेल तर ब्रेकची तारही सोडवावी.

३. मूठ काढावी. मुठीच्या कडेखाली बारीक काडी सरकवून आत थोडे अल्कोहोल सोडले आणि मूठ पिळली की ती निघते. मूठ फाटलेली असेल आणि टाकूनच द्यायची असेल, तर ती हाताच्या विरुद्ध दिशेने सुरी चालवून कापावी.

४. शिफ्टरचा आणि गरजेनुसार ब्रेक दांडीचा बोल्ट सैल करून भाग हँडलवरून सरकवून काढावेत. माउंटन बाइकच्या सरळ हँडलची मुठीजवळची जाडी प्रमाणित, म्हणजे २२.२ मिलिमीटर असते. त्यामुळे नवा शिफ्टर बसण्याची अडचण सहसा येत नाही. हँडलवरील चिकट थर अल्कोहोलने पुसून घ्यावा.

५. नवा शिफ्टर सरकवावा. पिळण्याचा असेल तर मूठ, शिफ्टर, ब्रेक दांडी असा बाहेरून आत क्रम असतो. त्यासाठी आखूड मूठ लागते. खालच्या खटक्याचा असेल तर मूठ, ब्रेक दांडी, शिफ्टर हा नेहमीचा क्रम. पिळण्याच्या प्रकाराकडून खटक्याच्या प्रकाराकडे वळताना पूर्ण लांबीच्या मुठी घ्याव्या लागतात. बोल्ट पूर्ण आवळण्यापूर्वी सायकलवर बसून बोटे ब्रेकवर आणि अंगठा खटक्यावर सहज पोहोचतो का, ते पाहावे.

६. नवी आवरण-नळी जुन्या नळीच्या लांबीने कापावी. जुनी नळी आखूड किंवा फार लांब वाटत असेल, तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. नळी कुठेही ताणली जाऊ नये आणि कुठे तीव्र वळणही नसावे. कापलेले तोंड टोकदार सुईने मोकळे करून दोन्ही टोकांना धातूच्या किंवा प्लास्टिकच्या टोप्या बसवाव्यात.

७. तार नळीतून ओवून डिरेलरपर्यंत न्यावी. नव्या शिफ्टरमध्ये तार बहुधा आधीच बसवलेली असते. तार जोडण्यापूर्वी शिफ्टरवरील आणि डिरेलरवरील फिरते समायोजक पेच पूर्ण आत घालून दोन फेरे बाहेर काढावेत, म्हणजे नंतर दोन्ही दिशांना वाव राहतो. आता तार हाताने ताणून बोल्टच्या खाचेत बसवावी आणि ५ ते ७ न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळावी. मोजणारा पाना नसेल तर आखूड ॲलन की हाताने घट्ट होईल तेवढी आवळणे पुरते. जास्त जोराने आटे जातात.

जुळणी

शिफ्टर बसवणे हा कामाचा अर्धाच भाग आहे. डिरेलरवर दोन मर्यादा-स्क्रू असतात, त्यांच्याजवळ ‘एच’ आणि ‘एल’ ही रोमन अक्षरे कोरलेली असतात. ‘एच’ चेनला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, ‘एल’ तिला मोठ्या चकतीच्या आत, चाकाच्या आऱ्यांमध्ये जाऊ देत नाही. केवळ शिफ्टर बदलला असेल तर या स्क्रूंना हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही, पण त्यांची तपासणी अवश्य करावी. चेन आऱ्यांत अडकली तर चाक जागीच थांबते.

सायकलचे मागचे चाक अधांतरी ठेवून पॅडल फिरवावे आणि उजवा शिफ्टर एक खटका दाबावा. चेन दुसऱ्या चकतीवर चढली पाहिजे. ती चढत नसेल किंवा उशिरा चढत असेल तर तार सैल आहे. मागून पाहताना डिरेलरवरील समायोजक पेच घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावा. तिसऱ्या चकतीला चेन घासत असेल तर तार जास्त ताणली आहे, पेच काट्यांच्या दिशेने फिरवावा. चेन डावीकडे हवी तर पेचही डावीकडे फिरवावा, अशी ही साधी खूण आहे. दुसरी चकती शांतपणे चालू लागली की बाकीच्या बहुधा आपोआप जुळतात. एका टोकाला गियर नीट आणि दुसऱ्या टोकाला बिघडलेले असा प्रकार काही केल्या जात नसेल, तर वाकलेला कान किंवा चुकीच्या जातीचा शिफ्टर यांपैकी एक कारण असते.

पुढच्या डिरेलरच्या बाहेरच्या पट्टीत आणि मोठ्या चकतीच्या दात्यांत १ ते ३ मिलिमीटर अंतर असावे आणि पट्टी चकतीला समांतर असावी. चेन मागे सर्वांत मोठ्या आणि पुढे सर्वांत लहान चकतीवर असताना आतल्या पट्टीला जेमतेम घासू नये, इतपत मर्यादा ठेवावी. मोठी चकती मोठीशी आणि लहान लहानशी अशा तिरक्या जोडीत थोडे घासणे स्वाभाविक आहे. त्या जोड्या मुळात वापरूच नयेत.

काम संपल्यावर ब्रेकची परीक्षा घ्यावी. दोन्ही दांड्या पूर्ण जोराने पाच-सहा वेळा दाबाव्यात. दांडी हँडलला टेकता कामा नये आणि तार बोल्टमधून सरकता कामा नये. मूठ हाताने पिळून पाहावी, ती फिरत असेल तर सायकल चालवू नये. त्यानंतरच रहदारी नसलेल्या जागी मंद वेगाने फेरी मारावी. नव्या नळ्या आणि टोप्या पहिल्या काही फेऱ्यांत जागेवर बसतात आणि तार थोडी सैल भासते. आठवड्याभरात समायोजक पेचाचा एखादा अर्धा फेरा देऊन पुन्हा जुळणी करावी लागते. तो शिफ्टरचा दोष नसतो.

दुरुस्ती करावी की सायकल काढून टाकावी?

फ्रेमला तडा नसेल, चाके सरळ असतील आणि चेन-चकत्या चांगल्या असतील, तर शिफ्टर, तारा आणि नळ्या बदलणे निश्चितच परवडते. चेन, चकत्या, शिफ्टर आणि चाक असे सर्वच एकदम बदलावे लागत असेल, तर भागांचीच किंमत एखाद्या चांगल्या वापरलेल्या सायकलइतकी होते. अशा वेळी हिशेब उलटतो. केवळ पुढचा शिफ्टर निकामी असेल आणि परिसर सपाट असेल, तर चेन मधल्या चकतीवर स्थिर ठेवून मागच्या सात गियरवर काम भागवणे हाही व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी पुढच्या डिरेलरचा मर्यादा-स्क्रू पुरेसा आत घालून त्याला मधल्या चकतीवर रोखता येते.

साधने विकत घ्यायची नसतील तर ब्रिटन आणि अमेरिकेतील अनेक शहरांत सामुदायिक सायकल कार्यशाळा आहेत. तिथे अल्प शुल्कात साधने वापरता येतात आणि अनुभवी स्वयंसेवक मार्गदर्शन करतात. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर बाइक’ नावाने विनामूल्य तपासणीची सत्रे भरतात. सायकल दुरुस्त करण्याची इच्छा नसेल तर ती कचऱ्यात न टाकता अशा संस्थांना देता येते. लंडनमधील ‘द बाइक प्रोजेक्ट’ ही संस्था जुन्या सायकली दुरुस्त करून निर्वासितांना देते.

दुरुस्त केलेल्या शिफ्टरची देखभाल थोडकी आहे. सायकल पावसात उघडी ठेवू नये, ठेवताना चेन लहान चकत्यांवर आणून तारा सैल कराव्यात आणि वर्षातून एकदा तारेवर पातळ वंगण द्यावे. बसवलेल्या भागांचे मॉडेल क्रमांक एका कागदावर लिहून ठेवले, तर पुढच्या खेपेस निवडीचा सारा खटाटोप वाचतो.